ताप किती? आधी सांगा, कुठं लावला आणि कधी

“वैनी, पोराला एकशे एक ताप हाय. काय देताय बघा.”

“कुठं लावला होता थर्मामीटर?”

“घरातच की!”

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या औषधांच्या दुकानात ही गंमत महिन्यातून एकदा तरी होतेच. मग मी विचारते, अहो दादा, काखेत लावला, तोंडात लावला की कपाळावर? “ते बंदूकवालं हाय. कपाळावर.” आणि कधी बघितलं? “आत्ताच की. क्लासवरनं सायकलनं आला, आल्या आल्या बघितलं.” म्हणजे भर दुपारी, एप्रिलच्या उन्हात सायकल मारत आलेल्या पोराचं कपाळ. त्या एकशे एकातला ताप किती आणि ऊन किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पोराला अर्धा तास सावलीत गप बसवा, साध्या डिजिटलनं काखेत मोजा आणि मला फोन करा, एवढंच सांगितलं. फोन आला तेव्हा आकडा होता ९८.४ आणि पोरगं तालमीकडं पळालं होतं.

“कुठला थर्मामीटर चांगला?” हा प्रश्न मला रोज येतो. “मोजायचा कसा?” हा मात्र क्वचितच. गिऱ्हाइकाला वाटतं, महागातला घेतला की आकडा आपोआप खरा येतो. माझा अनुभव उलटा आहे. दोनशे रुपयांच्या डिजिटलवर नीट मोजलेला ताप डॉक्टरांच्या कामी येतो आणि दोन हजारांच्या बंदुकीवर घाईत मोजलेला त्यांचा वेळ खातो.

आधी मुळाशी जाऊ. अंगाचं तापमान अशी एकच गोष्ट नसते. शरीराच्या आत, म्हणजे छाती, पोट, मेंदू यांच्या आसपास, एक ऊब असते आणि शरीर ती जिवापाड सांभाळतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे, त्याच्याकडं हे खातं. बाहेर थंडी असली की तो कातडीकडं जाणारं रक्त कमी करतो, उकाडा असला की वाढवतो आणि घाम काढतो. म्हणजे आतली ऊब एका जागी ठेवण्यासाठी कातडीची ऊब सारखी वर-खाली केली जाते. आणि आपण घरी मोजतो ते बहुतेक वेळा कातडीजवळचं. गुदद्वारातलं माप आतल्या उबेच्या सगळ्यांत जवळचं. तोंडातलं त्याहून साधारण अर्धा ते एक अंश फॅरेनहाइट कमी, आणि काखेतलं तोंडातल्याहून आणखी तितकंच कमी. कपाळाचं तर हवामानावर. त्यामुळं “१०० ताप” हे वाक्य अर्धवट आहे. काखेत १०० आणि गुदद्वारात १०० यांत एक ते दोन अंशांचा फरक, म्हणजे एकाला ताप आणि दुसऱ्याला काहीच नाही, असंही असू शकतं.

मग काखेतल्या आकड्यात एक मिळवायचा का? बरेच जण मिळवतात. मी सांगते, अजिबात मिळवू नका. तो फरक माणसागणिक आणि वेळेगणिक बदलतो. तुम्ही एक मिळवून सांगितलात, डॉक्टरांनी काखेतला समजून मनात आणखी एक मिळवला, की ९९.५ चा १०१.५ झाला. आलेला आकडा आहे तसा सांगा आणि पुढं “काखेत” हा एक शब्द जोडा.

आता आईचा हात. कपाळाला हात लावून “कसर आहे गं थोडी” म्हणणाऱ्या बायकांना मी कधीच हसत नाही. हाताला फरक कळतो, आकडा कळत नाही, एवढंच. हात आपल्याच उबेशी तुलना करतो. गार पाण्यात भांडी घासून आलात तर घरातलं प्रत्येक कपाळ तापलेलं लागेल.

माझं माहेर कागल तालुक्यातलं, घरचं गुऱ्हाळ होतं. काहिलीतला पाक गूळ व्हायला साधारण ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास यावा लागतो, पण आमच्या गुळव्यानं उभ्या जन्मात थर्मामीटर हातात धरला नाही. चमचाभर पाक गार पाण्यात टाकायचा, बोटांनी गोळी वळवायची आणि “उतरवा” म्हणायचं. त्याचं माप चुकत नसे, कारण तेच भांडं, तेच गार पाणी, तीच दोन बोटं. रोज पद्धत एकच. घरातल्या थर्मामीटरकडून मला एवढीच अपेक्षा आहे: रोज तीच जागा, तेच यंत्र, तीच रीत. मग आकडा दोन-चार दशांशांनी इकडंतिकडं असला तरी ताप चढतोय की उतरतोय, हे खरं कळतं.

९८.६ हा आकडा आला कुठून

जर्मनीत लाइपझिगला कार्ल वुंडरलिख नावाचे डॉक्टर होते. त्यांनी पंचवीस हजारांच्या आसपास रुग्णांचे ताप मोजले आणि १८६८ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. त्यातून निरोगी माणसाचं तापमान ३७ सेल्सिअस असं ठरलं. गंमत म्हणजे त्यांची मापं काखेतली होती आणि तेव्हाचा लांबलचक थर्मामीटर काखेत पाव तासावर धरून बसावं लागे. खिशात मावेल असा सहा इंचांचा आणि पाच मिनिटांत आकडा देणारा थर्मामीटर त्याच सुमारास इंग्लंडमध्ये थॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी आणला. तोवर तो घरात येण्याचा प्रश्नच नव्हता.

३७ चं फॅरेनहाइट केलं की ९८.६ येतं. तो “पॉइंट सहा” बघून आपल्याला वाटतं की फार बारीक मोजलेला आकडा आहे. प्रत्यक्षात तो नुसत्या गुणाकार-भागाकारातून आलेला आहे. १९९२ मध्ये अमेरिकेत १४८ निरोगी लोकांची तोंडातली मापं पुन्हा घेतली, तेव्हा सरासरी ९८.२ निघाली. म्हणजे ९८.६ ही काही लक्ष्मणरेषा नाही. काखेत रोज ९७.४ असणारी माणसं ठणठणीत असतात.

शिवाय दिवसाचा खेळ आहे. पहाटे शरीर सगळ्यांत थंड, दुपारी चार ते सहाच्या दरम्यान सगळ्यांत गरम. दोन्हींत साधारण एक अंश फॅरेनहाइटचा फरक पडतो. “रोज संध्याकाळी बारीक ताप येतोय” म्हणून घाबरलेली कितीतरी माणसं मी बघितलीत. त्यांना संध्याकाळी तोंडात ९९.१ दिसत असतं, आणि ते फक्त संध्याकाळीच मोजत असतात. सकाळीही मोजा, चार दिवस लिहा, मग बोलू. मात्र संध्याकाळचा ताप खरोखरच येत असेल, वजन उतरत असेल, दोन आठवडे खोकला असेल, तर तो सरळ डॉक्टरांचा विषय, तिथं माझं हे शहाणपण वापरायचं नाही. बायकांच्या बाबतीत पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धातही तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास वर राहतं. तो ताप नव्हे.

ढोबळमानानं धरायचं तर तोंडात १००, गुदद्वारात किंवा कानात १००.४ आणि काखेत ९९ च्या पुढं आकडा गेला की ताप म्हणावं.

आता सेल्सिअस आणि फॅरेनहाइट. डिजिटलच्या पडद्यावर आकड्याशेजारी बारीक एफ किंवा सी असतो, तो कुणी बघत नाही. रात्री साडेदहाला शेजारच्या काकूंचा फोन: “अगं, ह्यांचा ताप ३८ वर आलाय, अंग गार पडतंय का गं?” गार कुठलं, ३८ म्हणजे १००.४! बटण जास्त वेळ दाबलं गेलं की बऱ्याच यंत्रांत एकक बदलतं. ३९ म्हणजे १०२.२ आणि ४० म्हणजे १०४, एवढं पाठ ठेवलं की गणिताची गरज नाही.

पाऱ्याचा आहे का हो?

साठीच्या पुढचं गिऱ्हाईक हमखास हे विचारतं. “डिजिटलचं काय खरं नाही, आमच्या वेळचा पाऱ्याचाच बरोबर.” त्यांचं पूर्ण चूक नाही. पाऱ्याचा थर्मामीटर हे फार सुंदर यंत्र आहे. पारा तापला की फुगतो आणि केसासारख्या बारीक नळीत वर चढतो. बल्बच्या जरा वर नळीला मुद्दाम एक चिमटा ठेवलेला असतो. पारा वर जाताना त्यातून ढकलला जातो, पण गार होताना तिथंच तुटतो आणि वरचा धागा वरच राहतो. म्हणून काखेतून काढून दिव्याखाली नेऊन निवांत वाचता येतो आणि म्हणूनच पुन्हा लावण्याआधी झटकावा लागतो. न झटकता लावला तर कालचाच ताप आज दिसतो.

पण तो आता नको, आणि कारण अचूकतेचं नाही. पारा खोलीच्या उबेलाही हळूहळू वाफ होत राहतो, त्या वाफेला रंग नाही, वास नाही आणि ती फुफ्फुसांतून रक्तात जाते. एका थर्मामीटरमध्ये पारा ग्रॅमभराच्या आसपासच असतो, पण बंद खोलीत लहान मूल असेल तर तोही खेळायची गोष्ट नाही. जपानमधल्या मिनामाता गावात कारखान्याचा पारा समुद्रात, तिथून माशांत आणि माशांतून माणसांत गेला. तो आजार १९५६ मध्ये उघडकीस आला. त्याच गावाच्या नावानं २०१३ मध्ये जगानं करार केला आणि पाऱ्याचे थर्मामीटर बनवणं, आणणं-पाठवणं थांबवायला २०२० ही मुदत घातली. काही देशांनी ती पुढं ढकलून घेतली. भारतानं करार २०१८ मध्ये मान्य केला. आपल्याकडं कोडाईकनालला थर्मामीटरचा मोठा कारखाना होता, तो पाऱ्याच्या कचऱ्यावरून २००१ मध्ये बंद पडला.

माझ्या आत्यानं एकदा पाऱ्याचा थर्मामीटर “स्वच्छ निघूदे” म्हणून कढत पाण्यात घातला. त्याची नळी ४२ अंश सेल्सिअसपर्यंतचीच, पाणी त्याच्या दुप्पट तापलेलं. पाऱ्याला जायला जागा उरली नाही आणि बल्ब फुटला. त्यानंतर तिनं जे केलं ते तुम्ही करू नका: तिनं केरसुणी घेतली. झाडून पाऱ्याच्या एका गोळीच्या शंभर गोळ्या होतात आणि फरशीच्या फटींत जाऊन बसतात. व्हॅक्युम क्लीनर तर त्याहून वाईट, तो वाफ घरभर करतो.

फुटलाच तर मुलांना आणि मांजराला बाहेर काढा, पंखा बंद, खिडक्या उघड्या. हातात प्लॅस्टिकचे मोजे घाला. त्याआधी बांगड्या, अंगठी, गळ्यातला साज काढून ठेवा, कारण पारा सोन्याला आणि चांदीला चिकटून त्यात मुरतो. गुजरीतल्या कुठल्याही सोनाराला विचारा, पाऱ्यानं पांढरी झालेली अंगठी बघितलेली असते. मग दोन जाड पत्त्यांनी गोळ्या एकमेकींत ढकलून मोठ्या करा, कागदावर घ्या, बारीक कण चिकटपट्टीनं टिपा आणि सगळं झाकणाच्या बाटलीत घट्ट बंद करा. बेसिनमध्ये ओतायचं नाही. फुटका थर्मामीटर नेहमीच्या कचऱ्यात टाकायचा नसतो, तेव्हा बाटलीवर चिठ्ठी लावून घंटागाडीवाल्या दादांना वेगळी सांगून द्या. आणि पोरानं चावून पारा गिळला असेल तर घाबरून जाऊ नका: गिळलेला पारा पोटात जवळजवळ शोषला जात नाही, तो शौचावाटे निघून जातो. खरी भीती काचेची. डॉक्टरांना दाखवायचंच, पण ते काचेसाठी.

बारीक बीप आणि लांबची बंदूक

साध्या डिजिटलच्या टोकाशी धातूच्या टोपीत थर्मिस्टर नावाचा मोहरीएवढा तुकडा असतो. तो तापला की त्यातून वीज जास्त सहज वाहते. किती सहज, हे मोजून आतली चिप आकडा काढते. चांगल्या यंत्राची चूक तापाच्या पट्ट्यात ०.२ अंश फॅरेनहाइटच्या आत असते, पाकिटावर तसं छापलेलं बघून घ्या. शिवाय उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक हवा. तो नसलेला, नुसत्या चमकत्या खोक्यातला माल आमच्याकडंही विकायला आणतात, आम्ही परत पाठवतो.

बीप कधी वाजतो, हे समजून घेण्यासारखं आहे. आकडा वाढायचा वेग मंदावला की यंत्र म्हणतं, झालं. “दहा सेकंदांत” वाली यंत्रं तर शेवटच्या आकड्याची वाटच बघत नाहीत, चढण्याच्या वेगावरून अंदाज बांधतात, गुळव्या काहिलीतले बुडबुडे बघून “अजून दोन मिन्टं” सांगतो तसं. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. पण काख उघडी होती, टोक बनियनला लागलं, पोरानं हात हलवला, की अंदाज फसतो आणि ९६.८ दिसतं. म्हणून काखेत मोजताना बीप वाजला तरी मी आणखी दोन-तीन मिनिटं तसाच ठेवायला सांगते. बऱ्याच यंत्रांत आकडा आणखी दोन-चार दशांश चढतो.

काखेची रीत अशी. घाम पुसून काख कोरडी करा. दोन-तीन मिनिटं हात अंगाला चिकटवून ठेवा, म्हणजे काखेतली हवा बाहेरची राहणार नाही. मग टोक काखेच्या खोल खळग्यात, कपड्याला न लागता, कातडीत दोन्ही बाजूंनी दाबलं जाईल असं ठेवा आणि कोपर छातीवर आणून दुसऱ्या हातानं धरा. मूल लहान असेल तर मांडीवर घेऊन तुम्हीच त्याचा दंड धरून बसा. अंघोळ, धावपळ, रडारड यांनंतर पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या.

तोंडात लावायचा तर जिभेखाली पुढं नाही, मागच्या बाजूला, डाव्या किंवा उजव्या खळग्यात. ओठ मिटून, नाकानं श्वास घेत. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलाला हे जमत नाही आणि नाक चोंदलेल्या मोठ्यालाही नाही. आणि कोल्हापुरात तोंडाचा मोठा घोटाळा आहे. तांबड्या रश्श्यानंतर तोंड तापलेलं, सोलकढीनंतर गारठलेलं, चहा तर चोवीस तास. अर्धा तास तोंडाला काही लागू देऊ नका, मगच लावा. एक जण गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन घरी आल्या आल्या तोंडात थर्मामीटर लावतो आणि मला विचारतो, मला ताप आहे की म्हशीला?

बंदुकीकडं येऊ. प्रत्येक गरम वस्तू डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश बाहेर टाकत असते. मे महिन्यात दिवस मावळल्यावर रंकाळ्याच्या दगडी कठड्याजवळून चालत जा. हात न लावताही गालाला ऊब लागते, ती हीच. बंदुकीत ही ऊब टिपणारा सेन्सर असतो, तो कपाळाच्या कातडीचं तापमान काढतो आणि मग आतला हिशेब त्यावरून “अंगाचं” तापमान किती असावं हे सांगतो. पडद्यावरचं ९८ हे मोजलेलं नसतं, मांडलेलं असतं. कपाळाची कातडी मुळात ९३-९४ च्या आसपास असते. म्हणूनच बंदुकीवर “बॉडी” आणि “सरफेस” अशी दोन कामं असतात. चुकून “सरफेस” वर गेली तर घरातली सगळी माणसं गारठलेली दिसतील. ती दुधाची बाटली नाहीतर तवा बघायला ठेवलेली सोय आहे. आणि लाल ठिपका टाकणारी, बाजारात यंत्रं-मोटारी तपासायला मिळते ती बंदूक निराळीच. तिच्यात दोन-तीन अंशांची चूक चालते, माणसावर चालत नाही.

करोनाच्या काळात दारादारात या बंदुका होत्या. पावसात भिजून आलेल्याला ९४, उन्हातून आलेल्याला १००, आणि वहीत मात्र ओळीनं सगळे ९६.४. गर्दीत पटकन चाळण लावायला ती ठीक होती. घरात तिचा एक खरा उपयोग आहे: रात्री झोपलेल्या लेकराला न उठवता बघणं. कपाळ कोरडं, केस बाजूला, बाळ घरातच निदान पाव तास असलेलं, अंतर पुस्तिकेत दिलंय तेवढंच (बहुतेकांत तीन ते पाच सेंटिमीटर) आणि पंख्याचा थेट झोत नको. ती जास्त दाखवेल तर काखेत लावून खात्री करा. ती कमी दाखवेल आणि मूल मलूल असेल, तरीही काखेत लावाच.

कानाचा थर्मामीटर हीच युक्ती कानाच्या पडद्यावर वापरतो. तो बरा असतो, पण नळी पडद्याकडं रोखली गेली तरच. मोठ्यांचा कान वर आणि मागं ओढून सरळ करावा लागतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा कानाचा मार्ग फार अरुंद, तिथं नकोच. कपाळावर चिकटवायच्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या मी विकत नाही. त्यापेक्षा आजीचा हात बरा.

तेव्हा एकच घ्यायचा असेल तर साधा डिजिटल, शक्यतो वाकणाऱ्या टोकाचा. घरात तान्हं मूल असेल आणि पैसे हातात असतील तर जोडीला बंदूक.

आकडा आणि माणूस

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ किंवा पुढं आकडा दिसला तर आमच्या दुकानात येऊ नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांकडं, आणि आधी औषध पाजू नका. या वयात कधीकधी ताप हे एकच लक्षण असतं आणि मागं मोठा जंतुसंसर्ग असू शकतो. उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. नवजात बाळाच्या काखेत ९७.७ च्या खाली आकडा गेला तर बाळ गार पडतंय. आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून घ्या, वरून पांघरूण, डोक्याला टोपडं, अंगावर पाजा. थोड्या वेळात ऊब आली नाही किंवा बाळ ओढून पीत नसेल तर दवाखाना.

मोठ्या मुलांत मात्र आकड्यापेक्षा मूल बघा. १०३ असून पाणी पिणारं, अधूनमधून खेळणारं मूल एकवेळ रात्र काढू शकतं. १०० असून डोळे न उघडणारं, धाप लागलेलं, मान ताठ झालेलं, सहा-आठ तास लघवीच न केलेलं मूल नाही. आकडा १०४ च्या पुढं गेला किंवा ताप तिसऱ्या दिवशीही चढतच राहिला, तर मोठ्यांनीही थांबू नये. म्हाताऱ्या माणसांचं मूळ तापमानच कमी असतं, त्यामुळं आजोबांचा ९९.५ हलका समजू नका, विशेषतः ते एकदम गोंधळल्यासारखं बोलायला लागले तर.

ताप चढत असताना हात-पाय थंडगार लागतात आणि हुडहुडी भरते. हायपोथॅलॅमसनं आतल्या उबेची पातळी वर ठरवलेली असते आणि शरीर ऊब आत कोंडत असतं. घरचे पायाला हात लावून म्हणतात, गार आहे, ताप नाही. त्याच वेळी काखेत १०२ असतो. अशा वेळी पाच गोधड्याही नकोत आणि बर्फाचं पाणीही नको. पातळ चादर, भरपूर पाणी, आणि पुसायचंच तर कोमट पाण्यानं.

आणि आमच्याकडच्या पावसाळ्याबद्दल. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पंचगंगेचं पाणी उतरलं तसे तापाचे रुग्ण वाढले, ते काउंटरवरूनही दिसत होतं. पुराच्या पाण्यातून किंवा चिखलातून चालला असाल आणि पुढच्या आठ-पंधरा दिवसांत ताप, पोटऱ्या भयंकर दुखणं, डोळे लाल असं काही झालं, तर डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचं आपण होऊन सांगा. लेप्टोस्पायरोसिसचा संशय त्यावरूनच येतो. डेंगीचं तर आणखी वेगळं. त्यात तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो, घरात सगळ्यांना हायसं वाटतं, आणि नेमका तेव्हाच धोक्याचा काळ सुरू होतो. थर्मामीटर ९८ दाखवत असतो आणि माणसाच्या पोटात दुखत असतं, उलट्या थांबत नसतात, हिरड्यांतून रक्त येत असतं, तो सुस्तावलेला असतो. अशा वेळी आकड्यावर विसंबून घरी बसणं महागात पडतं. आणि पावसाळ्यातल्या तापाला स्वतःच्या मनानं ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका. डेंगी असला तर रक्तस्राव वाढतो. मी ते मागितलं तरी देत नाही, मग लोक रागावून पुढच्या दुकानात जातात.

म्हणून वही. फ्रिजवर चिकटवलेला कागदही चालेल. तारीख, वेळ, काख की तोंड, आकडा, आणि गोळी किती वाजता दिली. गोळी देण्याआधीचा आकडा लिहिलाच पाहिजे; पॅरासिटामॉलनंतर तासाभरानं मोजलेला ९९ हा गोळीचा असतो, आजाराचा नव्हे. दर दहा मिनिटांनी मोजू नका, त्यानं ताप उतरत नाही, आई मात्र दमते. चार-सहा तासांनी पुरे.

वापरून झाला की टोक साबणाच्या गार पाण्यानं किंवा स्पिरिटच्या कापसानं पुसायचं, उकळत्या पाण्यात कधीच नाही. पडद्यावर एल-ओ आलं तर घाबरू नका, ३२ अंश सेल्सिअसच्या खाली आहे एवढाच त्याचा अर्थ, बहुतेक वेळा टोक हवेतच असतं. आकडे फिके दिसायला लागले की बटणासेल बदला आणि जुना सेल लगेच पोरांच्या हाताआड करा. तो गिळला तर अन्ननलिका आतून भाजते, तिथं वाट बघायची नाही, सरळ दवाखाना. थर्मामीटरवर संशय असेल तर कोमट पाण्याच्या पेल्यात घरातला आणि शेजाऱ्यांचा असे दोन शेजारी-शेजारी धरून बघा. अर्ध्या अंशाहून जास्त फरक आला तर कुणाचा तरी चुकतोय, तिसरा आणा.

गेल्या महिन्यात करवीर तालुक्यातले एक दूधवाले आण्णा आले. म्हैस चारा खाईना, डॉक्टरांनी फोनवर ताप बघायला सांगितलेला. म्हशीचं १०१ च्या आसपास हे नेहमीचंच असतं आणि ते मागूनच बघतात, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. थर्मामीटर घेतला, पैसे दिले, आणि जाता जाता म्हणाले, “घरात पोरं बी हाईत, त्यास्नी बी ह्योच चालंल की?”

मी खाली वाकून दुसरा काढला, आणि पहिल्याच्या पाठीवर नेलपॉलिशनं लाल ठिपका देऊन टाकला. लाल ठिपका गोठ्याचा.